दौंडचा सांधा आणि स्विचचे पोर्ट

माझे घर शिरूर तालुक्यातले, आजोळ दौंडचे. मधून भीमा वाहते. अलीकडे शिरूर, पलीकडे दौंड. आईच्या लग्नात वऱ्हाड होडीने नदी उतरून गेले होते, असे घरात अजून सांगतात. आईचे वडील, आमचे आबा, दौंड जंक्शनवर सांधेवाला होते. रूळ जिथे दुभंगतो आणि गाडी या वाटेने जायची की त्या, हे जिथे ठरते, त्या जागेला रेल्वेच्या मराठीत सांधा म्हणतात. अमेरिकेतले रेल्वेवाले त्याच जागेला ‘स्विच’ म्हणतात, हे मला पुष्कळ पुढे कळले. तोवर मी स्वतः स्विचच्याच कामाला लागले होते. माझे स्विच रुळांचे नव्हेत, संगणकांचे. पण नोकरीला वीस वर्षे होत आली तसे वाटू लागले आहे, की आजोबा आणि नात एकच काम करत आले.

या लेखाचा विषय त्या कामातला एक लहानसा भाग आहे: स्टोरेज नेटवर्कच्या स्विचवर प्रत्येक पोर्टला त्याचा प्रकार नेमून देणे. तांत्रिक पुस्तकांत याला फार तर दोन-चार पाने मिळतात. पण त्यामागचा प्रश्न जुना आहे. दोन ठिकाणे जोडायची ठरली, तर त्या जोडाचे नाते कोणते, आणि ते कोणी ठरवायचे? दौंडला या प्रश्नाचे उत्तर एकदा दिले गेले १८७८ साली, आणि ते गाव आजही त्या उत्तरासोबत राहते आहे. मला ते उत्तर एका रात्री द्यायचे होते, आणि मी दिले नाही.

ऊसबिलाची रात्र

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. पुण्यातल्या एका संस्थेच्या संगणक-केंद्रात मी रात्रपाळीला होते. संस्थेचे नाव सांगण्यात अर्थ नाही. चूक माझी होती. मोठ्या कार्यालयांत हिशेब करणारे संगणक वेगळे असतात आणि माहिती साठवणाऱ्या डिस्कांची कपाटे वेगळी. दोहोंमध्ये काचेच्या तंतूंचे स्वतंत्र जाळे असते. या जाळ्याच्या चौकात स्विच बसतो. त्याला चोवीस किंवा अठ्ठेचाळीस तोंडे असतात. त्या प्रत्येक तोंडाला पोर्ट म्हणतात. कोणत्या संगणकाने कोणती डिस्क पाहायची याची यादी स्विचजवळ असते, तिला झोनिंग म्हणतात.

आमच्या स्विचवरची तोंडे संपत आली होती. दुसऱ्या कार्यालयातून निघालेला एक जुना स्विच आणून आमच्या स्विचला जोडायचा, एवढेच काम होते. आमच्याकडे झोनिंग लावायचे राहून गेले होते. सगळ्यांना सगळे दिसत होते आणि चालत होते, म्हणून कोणी हात लावला नव्हता. जुन्या स्विचमध्ये मात्र त्याच्या आधीच्या घरची यादी तशीच होती. पोर्टचा प्रकार मी ‘आपोआप’वर ठेवला आणि तार जोडली. दोन्ही स्विचनी एकमेकांना ओळखले, नाते जुळवले, आणि ज्याच्याकडे यादी होती त्याची यादी ज्याच्याकडे नव्हती त्याने स्वीकारली. त्या यादीत आमच्या एकाही संगणकाचे नाव नव्हते. काही सेकंदांत सगळ्या संगणकांच्या डिस्का नाहीशा झाल्या.

माहिती गेली नाही. दारे तेवढी बंद झाली. पण ती उघडून, प्रत्येक हिशेब तपासून, सगळे पुन्हा उभे करेपर्यंत सकाळ झाली. त्या रात्री जी रक्कम खात्यांत जमा व्हायची होती तीत ऊसबिलांचे पैसे होते. दुपारी वडिलांचा फोन आला. “बँकेत जाऊन आलो. बिल पडलं नाही अजून. उद्या या म्हणाले.” सोसायटीचा हप्ता त्या दिवशीच भरायचा होता. मी काही बोलले नाही. ते बिल माझ्यामुळे अडले, हे त्यांना मी बऱ्याच वर्षांनी सांगितले.

आबांना मात्र त्याच आठवड्यात सांगितले. ते तेव्हा निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली होती. सगळे ऐकून त्यांनी विचारले, “सांधा कुणी फिरवला?”

“कुणी नाही आबा. तो आपोआप ठरतो.”

“अगं पोरी, सांधा आपल्या मनानं फिरत नसतो. फिरला तर त्याला आम्ही अपघात म्हणायचो.”

पाहुणा, सोयरा आणि साखळी

या जाळ्याच्या भाषेचे नाव फायबर चॅनेल. तिच्या मानकाचे काम अमेरिकेत १९८८ साली सुरू झाले आणि पहिले मानक १९९४ साली मान्य झाले. तंतूसोबत तांब्याच्या तारेवरही ती चालावी असे ठरल्यावर समितीने ‘फायबर’ या शब्दाचे अमेरिकी स्पेलिंग सोडून ब्रिटिश स्पेलिंग घेतले, म्हणजे नाव तेच राहील आणि अर्थ काचेपुरता उरणार नाही. मानक लिहिणारेही नावाविषयी किती जागरूक होते, ते यावरून दिसते. या मानकांवर काम केलेल्यांत कुमार मालवल्ली हे म्हैसुरात अभियांत्रिकी शिकलेले गृहस्थ होते. १९९५ साली स्थापन झालेल्या ब्रोकेड या कंपनीच्या संस्थापकांपैकी ते एक. स्टोरेज नेटवर्कचे स्विच म्हटले की पुढे बराच काळ हेच नाव आधी निघत असे.

या मानकाने पोर्टना अक्षरांची नावे दिली. संगणकाच्या किंवा डिस्कांच्या कपाटाच्या बाजूचे तोंड म्हणजे एन-पोर्ट. स्विचवर त्याच्या समोरचे तोंड म्हणजे एफ-पोर्ट. एक स्विच दुसऱ्या स्विचला जोडला, तर दोन्हीकडची तोंडे ई-पोर्ट होतात. आरंभीच्या काळात स्विच महाग होते, म्हणून उपकरणे एकापुढे एक साखळीसारखी गोल जोडत. त्या साखळीतले तोंड ते एल-पोर्ट. शेवटी दोन नावे अशी, की जी प्रकार नव्हेत, प्रकाराची वाट पाहणे आहे. जी-पोर्ट म्हणजे ई किंवा एफ यांपैकी काहीही होऊ शकणारे तोंड, आणि यू-पोर्ट म्हणजे ज्याच्याविषयी अजून काहीच ठरलेले नाही असे तोंड.

अक्षरांनी वाचकाचा गोंधळ होईल, म्हणून घरातली भाषा वापरते. एफ-पोर्ट म्हणजे पाहुण्यासाठी उघडलेले दार. पाहुणा उंबऱ्यावर येतो, आपले नाव सांगतो, आणि घर त्याला बसायची जागा देते. संगणक असाच स्विचकडे नाव नोंदवतो आणि स्विच त्याला चोवीस बिटांचा पत्ता देतो. पाहुणा घराचे नियम बदलत नाही.

ई-पोर्ट म्हणजे सोयरीक. इथे दोन घरे समोरासमोर बसतात. आधी एकमेकांची माहिती देतात-घेतात. मग दोहोंत मोठे कोण ते ठरते. मग प्रत्येक स्विचला एक घराणे-क्रमांक मिळतो. हे क्रमांक १ ते २३९ एवढेच आहेत आणि एका जाळ्यात एक क्रमांक दोघांना चालत नाही. दोन्हीकडे सारखाच क्रमांक पक्का करून ठेवलेला निघाला, तर सगोत्र म्हणून लग्न मोडावे तसा तो जोड तिथेच तुटतो. जुळले, तर मात्र दोन्ही घरांच्या वाटांचे नकाशे आणि झोनिंगच्या याद्या एक होतात. सोयरीक झाल्यावर त्यांचे आजवरचे सगळे आपले होते, चांगलेही आणि जुनाट कागदही.

साखळीचे, म्हणजे एल-पोर्टचे, दुखणे वेगळे. एका साखळीत जास्तीत जास्त १२६ उपकरणे आणि स्विचचे एक तोंड बसे. पण नवा गडी आला किंवा जुना उठून गेला, की सगळ्या साखळीला थांबून नव्याने हजेरी द्यावी लागे. स्विच स्वस्त झाले तशी साखळी मागे पडली. आजच्या नव्या स्विचवर तिचे नाव फारसे निघत नाही.

पोर्टला प्रकार नेमणे म्हणजे व्यवहारात काय, तर या दारातून पाहुणाच येईल की सोयरीकही चालेल, हे आधी लिहून ठेवणे. काहीच लिहिले नाही तर तोंड यू-पोर्ट म्हणून उभे राहते, समोर कोण बोलते ते ऐकते, आणि त्याप्रमाणे एफ किंवा ई होते. ही सोय आहे यात शंका नाही. शंभर तोंडांपैकी नव्वद वेळा ते बरोबरच ठरवते. पण समोरच्याने काय म्हणून ओळख दिली यावरच ते ठरते. घराचे काय म्हणणे आहे, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. म्हणून बहुतेक स्विचवर अशी आज्ञा असते, की या तोंडाने कधीही ई व्हायचे नाही. आणि सिस्कोच्या स्विचवर तर तोंडाचा प्रकार एफ, ई किंवा आपोआप असा सरळ लिहिता येतो. ती एक ओळ मी त्या रात्री लिहिली नव्हती.

धोंडचे जंक्शन होते

आता दौंडकडे. इंग्रजी कागदांत हे गाव बराच काळ ‘धोंड’ होते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८५३ साली मुंबईहून ठाण्याला पोहोचली. १८५८ साली तिचे रूळ पुण्याला लागले आणि त्याच वर्षी पुढे दिक्सळपर्यंत गेले. दौंड या वाटेवर होते. १८६० साली गाडी सोलापूरला पोहोचली. पण बोरघाटातला रूळ अजून व्हायचा होता. तो १८६३ साली पुरा झाला. तोवर घाटाचा टप्पा लोक पालखीने, तट्टावरून, बैलगाडीने ओलांडत. म्हणजे पाच वर्षे देशावरची रेल्वे ही मुंबईपासून सुटलेला एक तुकडा होती. आमच्या भाषेत, दोन स्विच तयार होते, मधला जोड व्हायचा होता.

तेव्हा दौंडला दोनच दिशा होत्या, पुणे आणि सोलापूर. गाडी एका बाजूने यायची, दुसऱ्या बाजूने जायची. पुढे १८७० साली मुंबईची ईशान्येकडे जाणारी वाट भुसावळवरून जबलपूरला कलकत्त्याच्या रेल्वेशी जोडली गेली, आणि १८७१ साली आग्नेयेची वाट रायचूरला मद्रासच्या रेल्वेला मिळाली. दोन्ही वाटा फुटत होत्या कल्याणला. सोलापूरकडून खानदेशाकडे जायचे तर बोरघाट उतरून कल्याणला यायचे आणि थळघाट चढून पुन्हा वर. दोन्ही घाट टाळायचे तर देशावरच या दोन वाटांना जोडणारा रूळ हवा होता. तो दौंड ते मनमाड, नगरवरून, सुमारे २३५ किलोमीटरचा झाला आणि १८७८ साली सुरू झाला. तो धोंड-मनमाड स्टेट रेल्वे म्हणून सरकारच्या पैशाने बांधला गेला.

सरकारच्या पैशाने, आणि दुष्काळाच्या मजुरीने. १८७६ ते ७८ चा दुष्काळ दख्खनवर पडला तेव्हा या मार्गाचे मातीकाम हे दुष्काळी काम म्हणून निघाले. सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणाने मजुराच्या दिवसाच्या धान्याचे माप एका पौंडावर आणले गेले. १८७७ च्या सुरुवातीला मुंबई इलाख्यातल्या दुष्काळी कामांवरच्या मजुरांनी या मापाविरुद्ध कामे सोडली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांचे गाऱ्हाणे सरकारपुढे मांडले. दौंडहून नगरला जाताना भीमेचा पूल ओलांडला, की दोन्ही बाजूंना लांबवर भराव दिसतो. त्या भरावावरून मी कितीदा गेले असेन. त्यातली माती कोणाच्या डोक्यावरून तिथे आली, हे शाळेत कोणी सांगितले नव्हते.

रूळ आला की वाट दोन्ही बाजूंनी उघडते, हे दौंड-शिरूरच्या पट्ट्याला त्याच्या थोडे आधीच कळले होते. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६० नंतर कापसाचे भाव चढले, सावकारांनी हात सैल सोडला. १८६५ नंतर भाव उतरले आणि कर्जे तेवढी उरली. त्यावर साऱ्याची नवी आकारणी झाली. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांच्या वह्या आणि खते जाळली. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते, आज बारामती तालुक्यात आहे. दंगे भीमथडीतून शिरूरसह आजूबाजूच्या तालुक्यांत आणि नगरकडे पसरले. सारा दोष रुळाचा होता असे मी म्हणणार नाही. पण लिव्हरपूलच्या बाजाराशी सोयरीक झाली होती आणि तिकडची यादी इकडे लागू झाली होती. सुप्याच्या शेतकऱ्याला त्या बैठकीला कोणी बोलावले नव्हते.

जंक्शन झाले, पण त्याचा प्रकार एका विशिष्ट तऱ्हेने ठरला. मनमाडचा रूळ दौंड स्थानकाच्या पुण्याकडच्या टोकाला मिळतो. त्यामुळे सोलापूरकडून येणारी गाडी दौंडला थांबून सरळ पुढे नगरकडे निघते. पुण्याहून येणारी गाडी मात्र स्थानकात शिरली की तिचे तोंड सोलापूरकडे असते. तिला मनमाडला जायचे तर पुढचे इंजिन सोडवून मागे जोडायचे आणि आल्या दिशेने निघायचे. झेलम एक्स्प्रेसने दिल्लीकडे गेलेल्या प्रत्येक पुणेकराला हे ठाऊक आहे. दौंडला गाडी थांबायची, इंजिन फिरायचे, आणि मघापर्यंत पुढे तोंड करून बसलेला माणूस उलटा प्रवास करू लागायचा. आग्नेय आणि ईशान्य जोडणारा तो सांधा त्या जोडासाठी सरळ होता. पुणे आणि मनमाड यांचे नाते त्याने पाहुण्याचे ठरवले: आत या, उतरा, वळा, मग जा. १८७८ साली कागदावर ओढलेली एक वळणाची रेघ, आणि पुढची सव्वाशेहून अधिक वर्षे इंजिने फिरत राहिली.

पांढऱ्या दांड्या

लहानपणी सुट्टीत दौंडला गेले, की आबा एखाद्या दिवशी केबिनच्या खाली उभे राहू देत. वर दांड्यांची रांग असे. तांबड्या दांड्या सिग्नलच्या, काळ्या सांध्यांच्या, निळ्या कुलपांच्या. आणि मधेमधे काही पांढऱ्या. पांढऱ्या कशाच्या, असे मी विचारले होते. “कशाच्याच नाहीत. त्या मोकळ्या आहेत. मोकळी आहे हेसुद्धा लिहून ठेवावं लागतं, नाहीतर कुणीतरी ओढतो.”

दांड्या एकमेकींत अडकवण्याची ही विद्या जुनी आहे. जॉन सॅक्सबी या इंग्रजाने सांधे आणि सिग्नल एकत्र बांधण्याचे पेटंट १८५६ साली घेतले, म्हणजे पुण्याला रूळ लागण्याच्या दोन वर्षे आधी. तिचे तत्त्व साधे आहे. सांधा ज्या वाटेला लागला आहे तिचाच सिग्नल पडू शकतो. विरुद्ध वाटेची दांडी ओढू म्हटले तरी हलत नाही. केबिनमधला माणूस झोपेत असला तरी लोखंड जागे असते. चूक झाल्यावर सुधारणे वेगळे आणि चूक करताच येऊ नये अशी रचना करणे वेगळे. स्विचच्या तोंडाला ‘तू कधी ई व्हायचे नाहीस’ असे लिहून ठेवणे ही निळी दांडी आहे. रिकामे तोंड आज्ञा देऊन बंद ठेवणे ही पांढरी दांडी.

आणखी एक साम्य मला फार उशिरा दिसले. एकेरी मार्गावर समोरासमोर गाड्या येऊ नयेत म्हणून चालकाच्या हाती टोकन देण्याची पद्धत होती. टोकन हातात असल्याशिवाय त्या टप्प्यात शिरायचे नाही. पुढच्या स्थानकात ते परत द्यायचे. फायबर चॅनेलमध्येही पाठवणाऱ्या तोंडाजवळ मोजके परवाने असतात. एक फ्रेम पाठवली की एक परवाना खर्च होतो, आणि समोरच्याने जागा मोकळी केल्याचे कळवले की तो परत मिळतो. परवाने संपले की तोंड थांबते, पण माहिती सांडत नाही. एकाच खोलीतल्या दोन यंत्रांना थोडे परवाने पुरतात. अंतर वाढले की पुरत नाहीत, कारण निरोप जाऊन परत यायला वेळ लागतो. काचेच्या तंतूतून प्रकाशाला एका किलोमीटरला सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात. ८ गिगाबिटच्या वेगाला, पूर्ण आकाराच्या फ्रेम धरल्या, तर दर किलोमीटरला सुमारे ४ परवाने लागतात. पुण्यापासून दौंड रेल्वेने सुमारे ७५ किलोमीटर. तेवढ्या लांबीचा ई-पोर्ट बांधायचा, तर त्याच्या नावे ३०० परवाने राखून ठेवावे लागतील. न ठेवले तर तार जिवंत दिसते, दिवा हिरवा असतो, आणि काम रांगत चालते. म्हणजे हे सोयरे आहेत एवढे लिहून भागत नाही. सोयरे किती लांबचे आहेत, हेही लिहावे लागते.

शिरूरचे तोंड

या सगळ्यात शिरूर कुठे? एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी विचारले असते, तर दोहोंत शिरूरच मोठे म्हणावे लागले असते. घोडनदीच्या काठी इंग्रजांची छावणी होती. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव भीमा येथे लढलेली कॅप्टन स्टाँटनची तुकडी आदल्या रात्री शिरूरहूनच निघाली होती. पुणे-नगर रस्त्यावरचे ते महत्त्वाचे ठाणे. पण रूळ दक्षिणेकडून गेला, मग दौंडहून उत्तरेला वळला, आणि शिरूर दोन्ही वेळा बाजूला राहिले. शिरूर गावाला आजही रेल्वे स्थानक नाही. छावणी गेली, रस्ता राहिला. पुढे रांजणगावची औद्योगिक वसाहत त्या रस्त्यावरच उभी राहिली.

आमच्या गावाला बाहेरच्या जगाशी जोडणारे पहिले खरे यंत्र रेल्वेचे नव्हते, टेलिफोनचे होते. १९८४ च्या ऑगस्टमध्ये सरकारने सी-डॉट ही संस्था काढली; ३६ महिने आणि ३६ कोटी रुपये एवढ्यात देशी एक्स्चेंज करून दाखवायचे असे ठरले. सॅम पित्रोदांचे नाव त्या काळात घरोघर पोचले. तिने खेड्यांसाठी १२८ पोर्टचे लहान एक्स्चेंज बनवले. उन्हाळ्यात, धुळीत, वातानुकूलनाशिवाय ते चालायचे होते. असे पहिले एक्स्चेंज १९८६ साली कर्नाटकातल्या कित्तूरला बसले. नंतर देशभरच्या खेड्यांत तशी कपाटे गेली, त्यांतले एक आमच्याकडे आले.

एक्स्चेंज हाही स्विचच, आणि त्याच्या पोर्टनाही प्रकार होते. काही तोंडे गिऱ्हाइकांच्या घरी जात, काही तोंडे दुसऱ्या एक्स्चेंजकडे. ही दुसऱ्या एक्स्चेंजकडे जाणारी तोंडे म्हणजेच ई-पोर्टची थोरली बहीण. ती मोजकीच असत. गावातल्या गावात फोन लगेच लागे. पुण्याला लावायचा तर या मोजक्या वाटांपैकी एक मोकळी सापडावी लागे. घरच्या तोंडांतही भेद होता: कोणाला एसटीडीची मुभा, कोणाला नाही, आणि पिवळ्या पाटीच्या पीसीओचे तोंड वेगळेच, कारण त्याला सेकंदांचे पैसे दाखवावे लागत. आमच्या फोनला एसटीडी नव्हती. आजोळी फोन लावायचा तर आई संध्याकाळी फाट्यावरच्या पीसीओत जाई आणि आकडे पळताना पाहत बोले. नदीपलीकडचे माहेर यंत्राच्या हिशेबात परगाव होते. कोणीतरी ते तसे लिहिले होते. कदाचित ज्याने लिहिले त्याच्यापुढे नकाशाही नसेल, तोंडांचा तक्ता तेवढा असेल.

नवी रेघ

गेल्या काही वर्षांत दौंडजवळ कॉर्ड लाइन झाली. पुण्याकडची वाट आणि मनमाडकडची वाट आता स्थानकाच्या बाहेरूनच जुळते. जी गाडी तिच्यावरून जाते तिचे इंजिन फिरवावे लागत नाही; पुणे आणि मनमाड यांची अखेर थेट सोयरीक झाली. पण त्या गाड्या दौंडच्या मुख्य फलाटाला लागत नाहीत. ज्यांना दौंडलाच उतरायचे आहे त्यांना बाहेरच्या कॉर्ड स्थानकावर उतरून गावात यावे लागते. इंजिन फिरवण्याच्या वेळात फलाटावर चहा विकणाऱ्यांचा तो वेळही गेला. जोडाचे नाते बदलले की कोणाचा तरी फेरा वाचतो आणि कोणाचे तरी गाव वगळले जाते. यात अन्याय झालाच असे नाही. पण रेघ ओढणाऱ्याला दोन्ही माणसे दिसायला हवीत.

हा लेख लिहिताना मला सारखे वाटत होते, की पोर्टच्या प्रकारांचा इतिहास म्हणजे सोयीचा इतिहास असे आपण समजतो. साखळीपेक्षा स्विच बरा, हाताने लिहिण्यापेक्षा आपोआप बरे. तसे ते आहेही. पण ‘आपोआप’ म्हणजे कोणीच ठरवले नाही असे नसते. कोणीतरी आधीच ठरवून ठेवलेले असते, आणि आपण फक्त विचारलेले नसते. धोंड-मनमाडची रेघ, गावच्या एक्स्चेंजमधली मोजकी तोंडे, माझ्या स्विचवर न लिहिलेली ओळ, तिन्हींत शेवटी थांबून राहिले ते तारेच्या टोकाचे माणूस.

त्या रात्रीनंतर मी एक सवय लावून घेतली. प्रत्येक स्विचचा एक तक्ता करते. पोर्टचा क्रमांक, प्रकार, समोर कोण, किती लांब, आणि शेवटच्या रकान्यात हा प्रकार का, याचे एका ओळीत मराठीत कारण. नवी मुले हसतात. म्हणतात, यंत्राला सगळे कळते. रिकाम्या तोंडांपुढे मी ‘बंद, मोकळे आहे’ असे लिहिते आणि तो रकाना पांढराच ठेवते.

आबा गेले त्याला आता सहा वर्षे झाली. दहाव्याला आम्ही भीमेकाठी गेलो तेव्हा पलीकडून नगरची गाडी पुलावर आली. मामा म्हणाले, “ही इंजिन फिरवून आलेली.” कशावरून, ते मी विचारले नाही. दौंडच्या माणसाला ते आवाजावरून कळते.